पैसे नको म्हणणारा माणूस

१

माझ्या मावशीने एका माणसाला धडक दिली, ही बातमी घेऊन तो माणूस स्वतःच आमच्या फाटकाशी आला.

डाव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर, काखेत कुबडी, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. नाव अप्पाराव. सोमवारची सकाळ होती. इंदुमावशी अंघोळीला गेली होती, मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, त्यामुळे त्याच्याशी बोलले ते केशवकाका. मी खाली धावले तोवर त्याची ऑटो विद्यानगरच्या मोठ्या रस्त्याला लागली होती.

"कोण होता?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "शनिवारी संध्याकाळी जामबागच्या वळणावर आपल्या गाडीने उडवलं म्हणतो. शाळेच्या भिंतीपाशी. नंबर बरोबर सांगितला. बाई चालवत होत्या, गाडी थांबवली, दार उघडून मागे बघितलं आणि निघून गेल्या."

मावशी केसांना टॉवेल गुंडाळून दारात उभी होती. ती मटकन खुर्चीत बसली.

कारण यातलं बरंचसं खरं होतं. दर शनिवारी ती जामबागला मुलांचा मराठीचा वर्ग घेते. त्या शनिवारी परतताना त्या वळणावर गाडीला गचका बसला, इंजिन बंद पडलं. तिने दार उघडून मागे पाहिलं. कुणी दिसलं नाही. मागून हॉर्न वाजायला लागले तेव्हा ती निघाली. हे तिने त्याच रात्री जेवताना आम्हाला हसत सांगितलं होतं. रविवारी भजनातही सगळ्यांना सांगितलं होतं.

"किती मागतोय?" मी विचारलं.

"एक रुपया नको म्हणाला." काका माझ्याकडे न बघता बोलले. "त्याचं म्हणणं इतकंच, अम्मांनी गाडी चालवणं सोडावं. आज मला लागलं, उद्या एखादं पोर सापडेल. नाही सोडलं तर केस करणार."

मावशीने किल्ली देवघरातल्या खिळ्याला अडकवली. "खोटं बोलणारा माणूस पैसे मागतो, तन्वी," ती म्हणाली. "हा मागत नाही." आणि आत निघून गेली.

पुण्याहून मावशीच्या मुलाचा, संदेशदादाचा फोन आला. आईने एकसष्टाव्या वर्षी हे खूळ काढायलाच नको होतं, त्याच्या ओळखीचं एक गिऱ्हाईक आहे, ते रविवारी येऊन गाडी घेऊन जाईल. मावशी फोनवर फक्त "हं" म्हणत राहिली.

"बरं झालं," काका मला हळूच म्हणाले. "संदेशने संक्रांतीला तिला फिरायचे बूट धाडलेत. त्यांना हात लावला नाही तिने. आता चालत जाईल. तब्येत राहील."

मी भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. संशोधनाच्या जागेची वाट बघत संक्रांतीनंतर मावशीकडे राहायला आले. आमच्या शास्त्रात एक सवय लागते. दगडात एखादा कण तिथे असायला नको असेल, तर तो कुठून आला हे कळेपर्यंत झोप येत नाही. पैसे नको म्हणणारा माणूस हा माझ्यासाठी तसला कण होता. माणूस काहीतरी मिळावं म्हणून येतो. मावशीने गाडी सोडली तर मिळणार कुणाला, आणि काय?

२

गाडीवर नेहमी राखाडी कव्हर असतं. मावशी ते रोज रात्री घालते आणि निघताना काढते, चादरीसारखी घडी करून. मी ते काढलं.

बंपरवर काही नव्हतं. यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण बंपर प्लास्टिकचा असतो, दबून परत फुगतो. खाली वाकून बघितलं, चाकांच्या वरच्या कडा बघितल्या. धूळ सगळीकडे सारखी. गचका इंजिनाचा होता की माणसाचा, हे गाडी सांगत नव्हती.

मग आत बसले. समोर डॅशबोर्डवर पितळी गणपती, तोंड आपल्याकडे. आरशाला चारमिनारजवळ मिळते तसली मोत्यांची माळ. आणि ड्रायव्हरच्या सीटखाली कॅनव्हासचे निळे बूट, टाचा आत दबलेल्या, डाव्याच्या तळव्याला क्लचच्या पेडलचा काळा डाग.

ही गाडी खरं तर काकांची. गेल्या दसऱ्याला जुनी गाडी देऊन त्यांनी ही हौसेने घेतली, स्वतः चालवत घरी आणली. पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसतं, कडेचं विरघळत जातं. लायसन्सच्या नूतनीकरणाला लागणारा डॉक्टरी दाखला मिळाला नाही. काकांनी घरात दंडक घातला की हे बाहेर सांगायचं नाही. बाहेर सांगायचं, कंबर धरली आहे. मग मावशी म्हणाली, गाडी उभी राहून गंजण्यापेक्षा मी शिकते. काकांनीच डावीकडे बसून तिला शिकवलं.

मी कव्हर परत घालत होते तेव्हा कुंपणापलीकडून आवाज आला.

"विकायच्या आधी धुऊन ठेव गं. आणि तो गणपती काढून घे. त्याला काही कुणी पैसे देणार नाही."

कुसुमताई. शेजारच्या घरातल्या. सगळी गल्ली त्यांना ताई म्हणते. विकायचं ठरून तास झाला नव्हता.

३

"मला कसं कळलं?" कुसुमताई कैऱ्या किसत होत्या. "अगं, तुझ्या काकांनीच सांगितलं, भाजी घेताना. बिचारे किती काळजीत होते."

"तुम्हाला वाईट वाटलं?"

"वाटलं की." त्यांनी किसणी आपटली. "आता भजनाला मला कोण नेणार? मुलाची ही एवढी थोरली गाडी आहे दारात. दरवाजा जरा जोरात लावला तर सूनबाई आतून ओरडतात. आम्ही जन्मभर मागच्या सीटवरच्या. आणि ही इंदू! साठी उलटल्यावर शिकते काय, पहिल्या खेपेला पास होते काय. ट्रॅफिकचा पोलिससुद्धा हिला 'जाओ अम्मा' म्हणतो. मला सांग, हेवा वाटणार नाही?"

"वाटेल."

"वाटला. वाटतो. खोटं कशाला बोलू? पण माझा हेवा पोटातच राहतो, पोरी. त्याने फार तर अ‍ॅसिडिटी होते."

मला हसू आलं. त्यांनाही आलं.

"ती मोत्यांची माळ मीच दिली दिवाळीला. आणि गणपती रस्त्याकडे तोंड करून होता, तुझ्या काकांनी बसवलेला. म्हणे रस्त्यावर लक्ष ठेवतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाताना मी म्हटलं, इंदू, देव आपल्याकडे पाठ करून बसलाय, हे काय बरं दिसतं? तिथल्या तिथे फिरवला तिने."

"आणि बूट?"

"ते तर विचारूच नकोस! आधी अनवाणी चालवायची. चपलेने पेडल कळत नाही म्हणायची. चपला काढून तुझ्या काकांच्या पायापाशी ठेवायच्या, उतरताना घालायच्या. मग हे ऐकून संदेशने गाडीसाठी म्हणून बूट धाडले, आणि त्या दिवसापासून आमची बाई इरकली साडीवर निळे बूट घालून बसते चाकाशी. आणि उतरली की पुन्हा चपला. बूट कायमचे गाडीतच. मी म्हटलं, तेवढी एक शिट्टी घे गळ्यात, पीटीची बाई दिसशील."

निघताना त्यांनी मला कैरीचा किस वाटीत दिला आणि सहज म्हणाल्या, "मला काय विचारतेस? एकनाथरावांना विचार. इंदूच्या गाडीवर त्यांच्याइतका कुणी जळत नाही. परवा म्हणाले, एक दिवस ही बाई गाडीसकट घरी बसेल."

४

एकनाथराव मराठी मंडळाचे चिटणीस. दिलसुखनगरला कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर राहतात. शुक्रवारी मी गेले तेव्हा त्यांची जुनी पांढरी गाडी खाली उभी होती, काचेवर पिवळी पानं साचलेली.

"ये, ये. इंदुताईंची भाची ना? वाईट झालं," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा मुळीच वाईट झालेला दिसत नव्हता.

"तुम्ही म्हणाला होता म्हणे, मावशी गाडीसकट घरी बसेल."

"म्हणालो. कबूल." त्यांनी पंख्याचा वेग वाढवला. "बावीस-पंचवीस वर्षं मंडळाच्या बायकांना मी नेत-आणत होतो. कार्यक्रम संपला की चौघी माझ्या गाडीपाशी उभ्या. पाठीमागे बसून सगळ्या सभेची चिरफाड करायच्या, मी ऐकायचो. मंडळाचा खरा कारभार तिथंच व्हायचा. आता कार्यक्रम संपतो, चौघी इंदुताईंच्या गाडीत. मी एकटा. रेडिओ लावून येतो."

"मग एखाद्या दिवशी तुम्हीही मावशीच्या गाडीत बसायचं."

"मी?" ते ताठ झाले. "दसऱ्याला नारळ मी फोडला त्या गाडीपुढे. आत डोकावून केशवरावांचा गणपती बघितला, नमस्कार केला. त्यानंतर मी त्या गाडीजवळ गेलेलो नाही. ती मंडळाच्या दारी लागते तेव्हा मी आतूनच तोंड फिरवतो. कुणाला काय वाटायचं ते वाटो."

हा माणूस खोटं बोलत नव्हता. इतका बालिश राग कुणी रचून सांगत नाही.

परतताना मी मुद्दाम जामबागला उतरले. शाळेच्या भिंतीला लागून एक फुलवाला बसतो. त्याला विचारलं, शनिवारी इथे कुणाला गाडी लागली का?

त्याने हातातला गजरा खाली ठेवला. "तुम लोगां सब कायकू येईच पूछ रै? शनिवार को इधर कुछ बी नै हुआ. वो अम्मा कू बी रोज बोल रौं."

"कौनसी अम्मा?"

"चश्मेवाली, सफेद बालां. रोज सुबू बस से आती. पूरी गल्ली में पूछती, किसकू लगा क्या, कोई गिरा क्या, दवाखाने कू कौन लेको गए. कल तो इधरीच बैठको रो रै थी."

मंगळवारपासून मावशी रोज सकाळी देवळात जाते म्हणून निघत होती.

५

अप्पारावचा पत्ता काकांकडे होता. मी मागितला तेव्हा ते म्हणाले, "कशाला त्रास देतेस गरिबाला?" पण त्यांनी दिला. तिथे जाऊन मी काय विचारणार हे त्यांना बहुतेक सुचलं नाही.

कोटी बाजाराच्या मागे दोन खोल्यांचं घर, अरुंद उभा जिना. तो कॉटवर पाय लांब करून बसला होता. बायको शेंगा सोलत होती. दोघांनी मला बघून एकमेकांकडे बघितलं.

"मैं अम्मा की भांजी," मी म्हटलं. "माफी मागायला आले."

"माफी नक्को अम्मा, माफी नक्को!" तो खरोखर कासावीस झाला. "बस गाडी छोड दिये तो हो गया."

"छोड दिए. पण मावशीला नीट आठवत नाही. रात्रभर जागी असते. तुम्ही एकदा सगळं सांगा, तिला सांगेन, तिचं मन मोकळं होईल."

तो मराठी समजत होता. याची मी मनात नोंद केली. त्याने डोळे मिटले आणि पाठ केलेला धडा म्हणावा तसं बोलायला लागला.

"शाम का टाइम. मैं भित्ती के बाजू से जा रौं था. गाडी आई, धडक दी, मैं गिरा. गाडी बंद पड गई. मैं सामने काच में देखा. गणपती मेरेकूच देख रै थे, अंदर मोत्यां की माला हिल रै थी. फिर दरवाजा खुला. अम्मा एक पांव नीचे रखी. नंगा पांव. चप्पल बी नै. पीछे मुडको देखी, फिर पांव अंदर, दरवाजा बंद. गई."

"नंगा पांव? नक्की?"

"हौ. मैं नीचे पडा था ना, पांवच दिखा."

बायको शेंगा सोलायची थांबली होती. मी तिच्याकडे बघितलं तशी तिने मान खाली घातली.

"बरं," मी उठले. "प्लास्टर कधी निघणार?"

"अगले महिने. साब कैसे हैं? आँखां?"

"ठीक आहेत," मी म्हटलं आणि जिन्याने उतरले.

सर्वांत खालच्या पायरीवर मी थांबले. कारण आता मला माणूस माहीत होता, आणि तो दुसरा कुणी असता तर फार बरं झालं असतं.

६

जमिनीचे थर वाचताना घड्याळ नसतं. एका थरात कुठले शंख आहेत आणि कुठले नाहीत, एवढ्यावरून तो थर कधीचा ते ठरवायचं. शंख आला तेव्हापासून पुढचा, आणि दुसरा शंख यायच्या आधीचा. अप्पारावची साक्ष हाही एक थर होता.

त्यात मोत्यांची माळ होती. ती दिवाळीला आली. म्हणजे ज्याने हे वर्णन अप्पारावला पढवलं, त्याने गाडी दिवाळीनंतर आतून पाहिली होती. एकनाथरावांनी दसऱ्यालाच तोंड फिरवलं. त्यांना माळ माहीतच नव्हती.

त्यात रस्त्याकडे बघणारा गणपती होता आणि अनवाणी पाय होता. दोन्ही संक्रांतीला संपले. शनिवारी खरंच धडक बसली असती, तर अप्पारावला गणपतीची पाठ दिसली असती आणि दारातून निळा बूट खाली आला असता. म्हणजे धडक खोटी. आणि पढवणाऱ्याला संक्रांतीनंतरचं काही ठाऊक नव्हतं. कुसुमताईंनीच गणपती फिरवायला लावला, बुटांची टिंगल केली. त्यांनी चुकून जुनं सांगितलं नसतं. संदेशदादाने तर बूट स्वतः पाठवले, तेही गाडी चालवायलाच.

आणि अनवाणी पाय बाहेरच्याला दिसतच नव्हता, कारण मावशी चपला घालूनच उतरायची. तो दिसायचा फक्त शेजारी बसलेल्याला. ज्याच्या पायापाशी त्या चपला असायच्या.

नव्या वर्षाच्या सुरुवातीला मावशीला लायसन्स मिळालं आणि त्या दिवसापासून काका गाडीत बसले नाहीत. कंबर दुखते म्हणाले. कव्हराखालची गाडी त्यांच्या मनात तशीच राहिली, जशी त्यांनी शेवटची पाहिली होती. बूट फिरायचे आहेत, असं त्यांना अजून वाटत होतं. घराबाहेर कुणाला त्यांच्या डोळ्यांचं माहीत नाही, मग फाटकाशी एकदा आलेल्या परक्याला कसं?

शनिवारी दुपारी मावशी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. पहिल्यांदाच वर्ग बुडाला होता. काका हॉलमध्ये टीव्हीचा आवाज मोठा करून बसले होते. मी तो बंद केला.

"अप्पाराव तुम्हाला 'साब' म्हणतो. तुमच्या ऑफिसात होता ना?"

त्यांनी रिमोट चाचपडला. तो त्यांच्या उजव्या हाताशीच होता, त्यांना दिसला नाही. मी सगळं सांगितलं, माळ, गणपती, पाय. ते ऐकत राहिले. सरकारी नोकरीत, चौकशांमध्ये दुसऱ्यांच्या चुका ऐकायची त्यांना जन्मभर सवय होती. आपली ऐकताना त्यांना बसायचं कसं ते कळेना.

"अटेंडर, म्हणजे शिपाई होता," ते शेवटी म्हणाले. "एकदा त्याच्यावर नसता आळ आला होता, मी बाजूने उभा राहिलो. तो मला देव मानतो. पाय जिन्यावरून पडून मोडलाय. मी बघायला गेलो होतो. तिथे सुचलं."

"का, काका?"

"तुला नाही कळायचं."

"सांगून तर बघा."

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"चाळीस वर्षं ती माझ्या डावीकडे बसली. कुठे जायचं ते मी ठरवायचो. कुठून जायचं तेही मी. मग शिकताना तीच मला म्हणायला लागली, बेल्ट लावा. लायसन्स तिला पहिल्या खेपेला मिळालं. मला दोन खेपा लागल्या होत्या, हे मी तिला कधी सांगितलं नाही. संध्याकाळी येते, तोंड कसं फुललेलं असतं. आज इथे अडकले, तिथून वाट काढली, अमक्याने साइड दिली. माझी गाडी, माझे रस्ते. आणि मी इथे बसून ऐकायचं." त्यांचा आवाज बारीक झाला. "मला तिचा राग येत नाही गं. हेवा वाटतो. आपल्याच बायकोचा. हे कुणाला सांगायचं असतं का?"

"तिला काय होईल याचा विचार नाही केलात?"

"चार दिवस हळहळेल, विसरेल."

"ती रोज सकाळी देवळात जात नाही. जामबागला जाते. दुकानादुकानांत विचारते, माझ्या गाडीने कुणाला लागलं का? परवा फुलवाल्यापाशी बसून रडत होती."

काका माझ्याकडे वळले. त्यांना मी दिसावी म्हणून त्यांना पूर्ण मान वळवावी लागली.

"उद्या गिऱ्हाईक यायच्या आधी तुम्ही तिला सांगा," मी म्हटलं. "नाही सांगितलं तर मी सांगेन."

"मग तूच सांग," ते म्हणाले. "माझ्याने होणार नाही."

७

रविवारी गिऱ्हाईक सांगितल्या वेळेआधीच आलं. तरुण, अघळपघळ, बरोबर मेकॅनिक. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिन ऐकलं, तोंड भरून कौतुक केलं. "बोहोत संभाल को चलाए आंटी."

मावशीने कैरीचं पन्हं आणलं, मग देवघरात गेली. खिळ्यावरची किल्ली काढून आणली आणि त्या मुलाच्या हातावर ठेवली. मी काकांकडे बघितलं. ते पेपर वाचत होते, म्हणजे पेपर समोर धरून बसले होते.

मी तोंड उघडलं. "मावशी, एक मिनिट—"

"थांब तन्वी," काका उभे राहिले. पेपर जमिनीवर पडला. "गाडी द्यायची नाही."

"अहो, आता काय?" मावशी दमल्या आवाजात म्हणाली. "त्यांना शब्द दिलाय."

"धडक झालीच नव्हती, इंदू. तो माझा माणूस. मीच त्याला पाठवला."

मेकॅनिकने बॉनेट हळूच खाली टेकवलं. त्या मुलाला मराठी येत नव्हतं, पण त्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकला.

मावशी हलली नाही. वर्गात चुकलेल्या मुलाला विचारावं तशा शांतपणे तिने विचारायला सुरुवात केली.

"मग त्याचा पाय?"

"जिन्यावरून पडला. पाडव्याच्या आधी."

"म्हणजे मी कुणाला लावलं नाही."

"नाही."

"त्या वळणावर कुणी नव्हतं."

"कुणी नव्हतं."

तिने डोळे मिटून श्वास सोडला. तो इतका लांब होता की आठवडाभर ती अर्धाच घेत होती असं वाटलं. मग डोळे उघडले.

"मी रात्रभर जागी असायची," ती म्हणाली. "तुम्ही शेजारीच होता."

काकांनी काही बोलायचा प्रयत्न केला. कंबर, डोळे, चाळीस वर्षं, यातलं काय ते कळलं नाही, कारण शब्द जुळले नाहीत. ती ऐकायला थांबलीही नाही. तिने त्या मुलाची दोनदा माफी मागितली, "पन्हा पीके जाना बेटा," असं तिच्या शाळकरी हिंदीत सांगितलं, संदेशला मी फोन करते म्हणाली. मग किल्ली उचलली.

"कुठे चाललीस?" काका.

"कालचा वर्ग बुडालाय. मुलांना आज बोलावते."

ती गाडीत बसली. काका तिच्या मागून अंगणात गेले, भिंतीला हात लावत फाटकापर्यंत पोचले आणि त्यांनी फाटकाची दोन्ही दारं सताड उघडली. हे काम त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. गाडी मागे मागे सरकत रस्त्यावर आली आणि त्यांच्यापाशी थांबली. काच खाली गेली.

काकांनी शर्ट सारखा केला. डावीकडच्या दाराच्या दिशेने त्यांचं एक पाऊल पडलंसुद्धा.

"फाटक लावून घ्या," मावशी म्हणाली.

गाडी निघाली. काका फाटकाच्या सळईला धरून उभे राहिले. गाडी त्यांच्या नजरेच्या कडेला विरघळली होती, म्हणून ते मान वाकडी करून ऐकत होते. कोपऱ्यापाशी इंजिनाचा आवाज चढला.

"आता तिसरा गिअर टाक," ते पुटपुटले.

तिने तो आधीच टाकला होता.